डॅन मॉर्गेनस्टर्न: तबकडीच्या मागच्या बाजूला लिहिलेला जॅझचा इतिहास

जुनी तबकडी (धागाकर्ता)

जॅझविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते ते वादकांविषयी असते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्या माणसामुळे मला हे संगीत ऐकता येऊ लागले तो वादक नव्हता. ७ सप्टेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी डॅन मॉर्गेनस्टर्न यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी मराठीत काहीतरी नोंदले जावे असे तेव्हापासून मनात होते, म्हणून हा धागा.

माझ्या मामांनी चोरबाजारातून आणलेल्या जुन्या एलपी आमच्या घरी होत्या. त्यांतल्या जॅझच्या तबकड्या मी आधी वाचल्या आणि मग ऐकल्या, कारण घरातला रेकॉर्ड प्लेअर बरीच वर्षे बंद होता आणि वेष्टनाच्या मागच्या बाजूला मात्र बारीक अक्षरांत भरपूर मजकूर असे. कोण वाजवत आहे, कोणत्या साली, त्या दिवशी स्टुडिओत आणखी कोण होते, दुसऱ्या कडव्यानंतर ट्रम्पेट काय करतो, हे सगळे त्या मजकुरात सापडे. या लेखनाला लायनर नोट्स म्हणतात. अमेरिकेत त्यासाठी स्वतंत्र ग्रॅमी पुरस्कार दिला जातो आणि मॉर्गेनस्टर्न यांना तो आठ वेळा मिळाला.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९२९ रोजी म्युनिकमध्ये झाला आणि बालपण व्हिएन्नात गेले. वडील सोमा मॉर्गेनस्टर्न हे पूर्व युरोपातील गॅलिशियातून आलेले ज्यू लेखक आणि पत्रकार, तर आई डॅनिश संगीतकार पॉल फॉन क्लेनाऊ यांची मुलगी. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर कुटुंबाची ताटातूट झाली. वडील फ्रान्सकडे निसटले आणि आई मुलाला घेऊन डेन्मार्कला गेली. त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये फॅट्स वॉलर यांचा कार्यक्रम झाला आणि आईने आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तेथे नेले. वॉलर हे धिप्पाड देहाचे पियानोवादक होते. ते वाजवताना गात, गाताना भुवया उडवत, आणि हे सगळे चालू असताना त्यांचा डावा हात घड्याळासारखा नेमका चालत असे. भाषा न कळणाऱ्या, घर सुटलेल्या मुलाला त्या संध्याकाळी काय सापडले असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो.

१९४३ च्या ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कमधील सात हजारांहून अधिक ज्यूंना मच्छीमारांच्या होड्यांतून स्वीडनला पोहोचवण्यात आले, तेव्हा हे मायलेकही स्वीडनला गेले. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, डॅन न्यूयॉर्कला वडिलांकडे पोहोचले. एखादा सतरा-अठरा वर्षांचा निर्वासित मुलगा आधी नोकरी शोधता. यांनी बावन्नावा रस्ता शोधला, कारण त्या एका रस्त्यावर ओळीने जॅझचे क्लब होते आणि ज्यांची नावे त्यांनी युरोपात तबकड्यांवर वाचली होती ती माणसे तेथे रोज रात्री वाजवत होती.

पुढचा प्रवास थोडक्यात देतो. दोन वर्षे सैन्यात, त्यानंतर ब्रँडाइस विद्यापीठ, तेथील विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचे संपादन, मग न्यूयॉर्कमधील पत्रकारिता. १९५८ पासून ब्रिटिश मासिक ‘जॅझ जर्नल’साठी न्यूयॉर्कचे वार्तापत्र. १९६१ मध्ये ‘मेट्रोनोम’ या जुन्या मासिकाचे संपादकपद, आणि ते मासिक त्याच वर्षी बंद पडले. १९६४ पासून ‘डाउन बीट’ या अमेरिकी जॅझ मासिकाचे न्यूयॉर्क संपादक, १९६७ ते १९७३ मुख्य संपादक. १९७६ पासून २०१२ पर्यंत रटगर्स विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ जॅझ स्टडीजचे संचालक. २००७ मध्ये अमेरिकी सरकारच्या कला निधीकडून जॅझ मास्टर हा सन्मान, जो सहसा वादकांना दिला जातो.

मला ज्याविषयी बोलायचे आहे ती गोष्ट या यादीत दिसत नाही. स्वतःला समीक्षक म्हणवून घेणे त्यांना फारसे रुचत नसे. आपण या संगीताची बाजू मांडणारे आहोत, असे ते म्हणत. हे संगीत आपण पुस्तकांतून शिकलो नाही, ते घडवणाऱ्या माणसांकडून शिकलो, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. बाजू मांडणाऱ्या माणसाने इतिहास लिहावा का आणि लिहिला तर तो विश्वसनीय राहतो का, हा माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा मूळ प्रश्न आहे. माझे उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु त्यावर इतरांचे मत वाचायला आवडेल.

त्रिताल

धागा मनापासून आवडला. प्रश्नाला थेट उत्तर देतो, आणि ते थोडे विरोधी आहे.

मी स्वतः थोडाफार पियानो वाजवतो आणि जॅझचा अभ्यास गुंथर शुलर यांच्या ग्रंथांपासून सुरू केला. शुलर हे ऑर्केस्ट्रात फ्रेंच हॉर्न वाजवणारे आणि स्वतः संगीतरचना करणारे गृहस्थ होते. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या खंडात त्यांनी १९२० च्या दशकातील ध्वनिमुद्रणे कानाने ऐकून स्वरलिपीत उतरवली आणि एकेका मात्रेचा हिशेब मांडला. एखादे एकल वादन चांगले का, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले असे म्हणता येईल. मॉर्गेनस्टर्न यांच्या लेखनात स्वरलिपी येत नाही. वादकाचा स्वर ‘उबदार’ आहे असे ते लिहितात, तेव्हा मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो, पण पडताळा घेऊ शकत नाही. समीक्षेने वाचकाला पडताळ्याचे साधन द्यायला हवे.

दुसरा मुद्दा मैत्रीचा. ज्यांच्याबरोबर रात्री जागवल्या त्यांच्या तबकडीला पाचपैकी दोन तारे कसे द्यायचे?

जुनी तबकडी

त्रिताल, दोन्ही आक्षेप खरे आहेत. शुलर यांच्यासारखी क्षमता मॉर्गेनस्टर्न यांच्याजवळ नव्हती आणि त्यांनी ती असल्याचा दावाही केला नाही. परंतु पडताळ्याचे साधन एकच असते असे मला वाटत नाही. एक उदाहरण देतो.

१९४० आणि १९४१ मध्ये जेरी न्यूमन नावाचा कोलंबिया विद्यापीठाचा विद्यार्थी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या पहाटेपर्यंत चालणाऱ्या क्लबांत जात असे. तेथे त्याने आर्ट टेटम यांचे पियानोवादन टिपले. टेटम जवळजवळ पूर्ण अंध होते आणि पियानोवर त्यांचा हात ज्या वेगाने आणि ज्या निर्दोषपणे चाले त्याला तोड नव्हती. एकदा फॅट्स वॉलर एका क्लबात वाजवत असताना टेटम आत आले, तेव्हा वॉलर यांनी श्रोत्यांना सांगितले की मी नुसता पियानो वाजवतो, पण आज या घरात देव आला आहे, अशी आख्यायिका आहे. न्यूमनने टिपलेले वादन १९७३ मध्ये तबकडीवर आले तेव्हा तिला याच उद्गारावरून नाव दिले गेले. मॉर्गेनस्टर्न यांना पहिले ग्रॅमी मिळाले ते या तबकडीवरील मजकुरासाठी.

स्टुडिओतले टेटम आपण सर्वांनी ऐकले आहेत. तेथे ते एकटे, नेमके आणि काहीसे दूरचे वाटतात. या तबकडीवर पेले वाजतात, माणसे बोलतात, पियानोही फारसा चांगला नाही, आणि टेटम चक्क ब्लूज गातात. हा आवाज कोणत्या खोलीतला आहे, पहाटे तेथे कोण येई, दिवसभराचे काम संपवून आलेल्या वादकांसाठी वाजवणे आणि तिकीट काढून आलेल्या लोकांसाठी वाजवणे यांत काय फरक असे, हे कोणीतरी सांगितल्याशिवाय ती तबकडी केवळ सदोष ध्वनिमुद्रण ठरली असती. स्वरलिपीत ही खोली उतरत नाही. ती माहीत असलेला माणूस लागतो, आणि मॉर्गेनस्टर्न यांना तशा खोल्या माहीत होत्या, कारण हॉट लिप्स पेज यांच्यासारख्या ट्रम्पेटवादकाशी त्यांची मैत्री होती आणि त्या मैत्रीतून हार्लेमची ही रात्रीची बाजू त्यांच्यासाठी उघडली होती. मैत्रीच्या आक्षेपाला माझे उत्तर हेच. तिच्यामुळे काही निवाडे मऊ झाले असतील. पण तिच्यावाचून मिळाले नसते असे ज्ञानही मिळाले.

निशिगंध

संगीतातले मला फार कळत नाही, परंतु जर्मन साहित्याची विद्यार्थिनी असल्यामुळे सोमा मॉर्गेनस्टर्न हे नाव वाचून थांबले. डॅन यांची कारकीर्द समजून घेताना वडिलांकडे पाहायलाच हवे असे वाटते, म्हणून थोडी भर घालते.

सोमा हे कादंबरीकार योझेफ रोथ यांचे जिवलग मित्र. संगीतकार आल्बान बेर्ग यांच्याशीही त्यांचा घनिष्ठ स्नेह होता. ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’ या दैनिकासाठी ते व्हिएन्नाहून लिहीत. फ्रान्समध्ये त्यांना स्थानबद्ध केले गेले. तेथून सुटून कासाब्लांका आणि लिस्बनमार्गे ते १९४१ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. भाषा गेली, वाचक गेले, आणि १९७६ मध्ये निधन झाले तेव्हा त्यांचे नाव जवळजवळ कोणाला ठाऊक नव्हते. रोथ आणि बेर्ग यांच्यावरील त्यांची आठवणींची पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. आज या दोघांवर काम करणाऱ्या अभ्यासकाला ती टाळून पुढे जाता येत नाही.

म्हणजे वडिलांनीही आपल्या दोन थोर मित्रांचा इतिहास मैत्रीच्या आतूनच लिहिला. ज्या जगाचे नामोनिशाण मिटवले गेले त्या जगात ही माणसे कशी बसत, कशी भांडत, काय पीत, हे लिहून ठेवण्याची तळमळ त्या घरात होती. मुलाने निवडलेली माणसे वेगळी होती, संगीत वेगळे होते, खंड वेगळा होता. तळमळ मात्र तीच दिसते.

जुनी तबकडी

निशिगंध, हा दुवा माझ्या लक्षात आला नव्हता. मनःपूर्वक आभार.

अनाहत

चर्चा चांगली चालली आहे, पण एक विषय अजून कोणी काढला नाही आणि तो काढल्याशिवाय अमेरिकेतील कोणत्याही जॅझ समीक्षकाविषयी बोलणे अपुरे राहील. हे संगीत कृष्णवर्णीयांनी निर्माण केले आणि त्याविषयी लिहिणारे बहुतांश गोरे होते.

१९६३ मध्ये कृष्णवर्णीय कवी आणि लेखक अमिरी बराका यांनी, जे तेव्हा लेरॉय जोन्स या नावाने लिहीत, याच ‘डाउन बीट’मध्ये ‘जॅझ आणि गोरा समीक्षक’ या विषयावर निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की गोरा मध्यमवर्गीय समीक्षक स्वरांचे कौतुक करतो, परंतु ज्या जीवनदृष्टीतून ते स्वर आले ती त्याला दिसत नाही, किंवा तो ती पाहू इच्छित नाही. युरोपीय संगीताची मापे लावून तो या संगीताला पास किंवा नापास करतो. माझ्या मते जॅझवरील समीक्षेत या निबंधाइतका नेमका घाव दुसऱ्या कोणी घातलेला नाही. त्रिताल यांनी ज्या स्वरलिपीच्या पडताळ्याचा आग्रह धरला, त्यावरही बराका यांचा आक्षेप लागू होतो: कागदावर उतरणारे तेवढेच संगीत, असे मानणे ही युरोपची सवय आहे.

मॉर्गेनस्टर्न यांची १९६४ पासूनची सारी कारकीर्द या प्रश्नासमोर उभी आहे. वार्ताहर, संपादक, तबकड्यांचे निर्माते, क्लबांचे मालक यांत गोऱ्यांचे वर्चस्व असताना त्यांनीही एक जागा अडवलीच. त्यांचा चांगुलपणा मला मान्य आहे. पण रचनेचा प्रश्न चांगुलपणाने सुटत नाही.

जुनी तबकडी

अनाहत, या मुद्द्यावर मी बराच वेळ विचार केला आणि त्याला खोडून काढण्याची माझी इच्छा नाही. बराका यांचे म्हणणे तेव्हा योग्य होते आणि त्यातले बरेच आजही योग्य आहे. त्यापुढे काही वस्तुस्थिती फक्त ठेवतो.

निबंधानंतर बराका ‘डाउन बीट’मधून बाहेर गेले नाहीत. पुढची दोन-तीन वर्षे त्यांचे सदर त्याच मासिकात येत राहिले, म्हणजे न्यूयॉर्कचे संपादकत्व मॉर्गेनस्टर्न यांच्याकडे असतानाच. त्या सदरात बराका नव्या, बंडखोर जॅझची बाजू मांडत. मॉर्गेनस्टर्न यांचा स्वतःचा जीव लुई आर्मस्ट्राँग, कोलमन हॉकिन्स, रॉय एल्डरिज या वादकांच्या जुन्या पिढीत गुंतलेला होता, तरी बराका यांचे सदर छापले जात होते.

आणि युरोपीय मापांविषयी: आल्बान बेर्ग यांच्या परिचयाच्या घरात वाढलेला मुलगा जॅझकडे वळला तेव्हा त्याने ती मापे बरोबर आणली नाहीत, हे मला लक्षणीय वाटते. लुई आर्मस्ट्राँग यांना मोठे ठरवण्यासाठी त्यांची तुलना बाखशी करण्याची सवय अनेक समीक्षकांना होती. मॉर्गेनस्टर्न यांना तिची गरज वाटली नाही.

ज्या ठिकाणी मॉर्गेनस्टर्न यांनी आयुष्यातील सर्वांत जास्त वर्षे काम केले ते शहर म्हणजे न्यू जर्सीतले न्यूअर्क; रटगर्सची ती जॅझ संस्था तेथेच आहे. ते बराका यांचे जन्मगाव आहे, ते शेवटपर्यंत तेथेच राहिले. गायिका सारा वॉन आणि सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर तेथलेच. सॅव्हॉय या तबकड्यांच्या कंपनीचे बस्तानही तेथेच होते, आणि सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांची १९४० च्या दशकातील कित्येक मोठी ध्वनिमुद्रणे तिच्याकडची आहेत. १९६७ च्या जुलैमध्ये त्या शहरात झालेल्या वांशिक उद्रेकात सव्वीस माणसे मेली आणि त्यानंतर ज्यांना शक्य होते ते गोरे रहिवासी शहर सोडून गेले. रटगर्सच्या त्या संस्थेचा जॅझ संग्रह मात्र तेथेच राहिला.

दप्तरदार

मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केले असल्याने या संग्रहाविषयी सविस्तर लिहितो. माझ्या दृष्टीने मॉर्गेनस्टर्न यांच्या कारकिर्दीचा हाच गाभा आहे, आणि लेखनाच्या चर्चेत तो झाकला जाऊ नये.

इन्स्टिट्यूट ऑफ जॅझ स्टडीजची सुरुवात १९५२ मध्ये मार्शल स्टर्न्स यांनी केली. ते इंग्रजीचे प्राध्यापक, मध्ययुगीन इंग्रजी कवी चॉसरचे अभ्यासक. न्यूयॉर्कमधील राहत्या घरात त्यांनी तबकड्या, कात्रणे, मासिके जमवली आणि ज्याला यायचे त्याला दार उघडे ठेवले. १९५६ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांचा वाद्यवृंद परदेश दौऱ्यावर पाठवला तेव्हा स्टर्न्स व्याख्याते म्हणून बरोबर होते. तो दौरा कराची आणि ढाक्यापर्यंत आला, आपल्याकडे आला नाही. १९६६ मध्ये स्टर्न्स यांनी हा संग्रह रटगर्स विद्यापीठाला दिला आणि त्याच वर्षी ते वारले.

दहा वर्षांनी मॉर्गेनस्टर्न तेथे आले. मासिकाचा संपादक संग्रहाचा प्रमुख होतो तेव्हा बरेचदा तो संग्रह शोभेची वस्तू होतो, असे मी पाहिले आहे. येथे तसे झाले नाही. पुढच्या साडेतीन दशकांत तो जगातील सर्वांत मोठा सार्वजनिक जॅझ संग्रह झाला. पियानोवादक आणि संगीतकार मेरी लू विल्यम्स यांची कागदपत्रे तेथे आली. जेम्स पी. जॉन्सन, ज्यांच्याकडून फॅट्स वॉलर पियानो शिकले, त्यांचे हस्तलिखित संगीत आले. लेस्टर यंग यांचा टेनर सॅक्सोफोन तेथे आहे. जुन्या वादकांच्या प्रदीर्घ मुलाखतींचा शंभराहून अधिक व्यक्तींचा संच तेथे ठेवला आहे, आणि त्यातली बहुतेक माणसे आता हयात नाहीत.

अशा वस्तू केवळ निधी असल्याने येत नाहीत. वादकाच्या मृत्यूनंतर आठवडाभरात त्याच्या खोलीतले कागद भंगारात जातात, कारण घर रिकामे करायचे असते. कुटुंबातील कोणाला तरी त्या वेळी एखाद्या माणसाचे नाव आठवावे लागते आणि त्याच्यावर विश्वास असावा लागतो. त्रिताल यांनी मैत्रीवर शंका घेतली, ती समीक्षेच्या बाबतीत रास्त असेल. संग्रहाच्या बाबतीत मात्र तीस वर्षांची मैत्री हेच खरे भांडवल असते.

आणखी एक. या संग्रहातून १९७९ पासून न्यूअर्कच्या डब्ल्यूबीजीओ या आकाशवाणी केंद्रावर साप्ताहिक कार्यक्रम होऊ लागला. कपाटातले ध्वनिमुद्रण कपाटातच राहिले तर ते जतन झाले असे मी मानत नाही. शिवाय संस्थेच्या नावाने अभ्यासकांची पुस्तकमाला निघाली, एड बर्जर यांच्यासह तिचे संपादन मॉर्गेनस्टर्न यांनी केले. सूची, वादकांची चरित्रे, ध्वनिमुद्रणांच्या तारखा आणि वादकांची नावे असे काम त्या मालेत झाले. कोणी ते सलग वाचत नाही, पण पुढचा प्रत्येक इतिहासकार ते उघडून बसतो.

त्रिताल

दप्तरदार यांच्या प्रतिसादानंतर मैत्रीविषयीचा माझा आक्षेप मी अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा, म्हणजे ताऱ्यांचा, कायम आहे.

वसईकर

सूची आणि तारखांचा विषय निघाला म्हणून आपल्या बाजूची एक गोष्ट. विषयांतर वाटल्यास क्षमस्व, पण मला हा दुवा खरा वाटतो.

१९२६ च्या मे महिन्यात शिकागोच्या अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदाने दोन बाजू ध्वनिमुद्रित केल्या. त्यात ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग आहेत आणि पियानोवर टेडी वेदरफोर्ड. आर्मस्ट्राँग यांचे पुढे काय झाले हे जगाला ठाऊक आहे. वेदरफोर्ड त्याच वर्षी पूर्वेकडे निघाले, शांघायमध्ये राहिले, आणि पुढे मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाद्यवृंद घेऊन वाजवू लागले. १९४५ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात पटकीने त्यांचा अंत झाला. अमेरिकेतील बहुतेक इतिहासग्रंथांत ते १९२६ नंतर दिसेनासे होतात. मुंबईत मात्र त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या वादनातून गोव्याच्या वादकांची एक पिढी हे संगीत शिकली. अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांना लोक हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणत. आपल्या सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ या १९५१ च्या चित्रपटातील वाद्यवृंदात त्यांचे ट्रम्पेट ऐकू येते.

या माणसांचा इतिहास २०१२ मध्ये पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी पुस्तकरूपाने मांडला. त्यासाठी जुने वादक आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या घरांतली छायाचित्रे शोधावी लागली, कारण दप्तरदार म्हणतात तसा विश्वासाचा माणूस आणि उघडे दार असलेली जागा आपल्या वादकांसाठी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोणी उभी केली नव्हती. धोबीतलाव, बांद्रा, माझे वसई, येथल्या कित्येक घरांतून नोटेशनच्या वह्या रद्दीत गेल्या. माझ्या आजोबांचे थोरले बंधू बँडमध्ये व्हायोलिन वाजवत; त्यांची एक वही मात्र मी जपून ठेवली आहे.

दप्तरदार

वसईकर, ती वही कृपया आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवावी, प्लास्टिकमध्ये नको, आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र लगेच काढावे.

जुनी तबकडी

वसईकर, हे विषयांतर नाही. टेट यांच्या त्या दोन बाजूंवर पियानो कोणाचा, हे आपल्याला ठामपणे सांगता येते ते याच प्रकारच्या सूचीमुळे.

त्रिताल यांचा ताऱ्यांचा मुद्दा राहिला. त्याविषयी एकच सांगतो. मॉर्गेनस्टर्न यांनी ‘डाउन बीट’ची सूत्रे घेतली त्या १९६७ सालीच मासिकाने रॉक संगीतालाही जागा देण्याचे जाहीर केले. जुने वाचक संतापले. एकीकडे रॉक, दुसरीकडे सुरावटींची चौकट मोडणारे नवे जॅझ, आणि मधोमध साठी ओलांडलेले स्विंगचे, म्हणजे १९३० च्या दशकातील वाद्यवृंदांच्या जॅझचे, वादक, ज्यांना काम मिळेनासे झाले होते. त्या काळात त्यांच्यासमोर खरा प्रश्न कोणाला किती तारे द्यायचे हा नव्हता. कोणाविषयी अजून दोन पाने छापता येतील, हा होता. कोलमन हॉकिन्स १९६९ मध्ये गेले, आर्मस्ट्राँग १९७१ मध्ये. आर्मस्ट्राँग यांचे सत्तरावे वर्ष मासिकाने साजरे केले, तेव्हा तरुण समीक्षकांपैकी अनेकांच्या लेखी ते केवळ दात दाखवून हसणारे, गोऱ्यांना रिझवणारे जुने कलावंत उरले होते.

हा समज खोडून काढण्यासाठी मॉर्गेनस्टर्न यांनी जवळजवळ पन्नास वर्षे लिहिले. आर्मस्ट्राँग १९२० च्या दशकात थोर होते आणि पुढे बाजारू झाले, ही जी विभागणी कित्येक ग्रंथांत आढळते, ती त्यांना मान्य नव्हती. त्यांच्या मते हा एकच माणूस होता, एकच स्वर होता, आणि गाणे हलकेफुलके असले तरी त्यातले ट्रम्पेट हलके नव्हते. १९३५ ते १९४६ या काळात आर्मस्ट्राँग यांनी डेका कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणे वर्षानुवर्षे दुर्लक्षित होती. ती सगळी २००९ मध्ये सात सीडींच्या संचात एकत्र आली. एकेका गाण्यावरील टिपणे ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या मॉर्गेनस्टर्न यांनी लिहिली आणि त्यांना २०१० मध्ये ग्रॅमी मिळाले. त्याआधी २००७ मध्ये मिळालेले ग्रॅमी फॅट्स वॉलर यांच्या संचासाठी होते. कोपनहेगनच्या त्या संध्याकाळनंतर एकोणसत्तर वर्षांनी.

निशिगंध

माझ्यासारख्या नवख्या व्यक्तीने ऐकायला कोठून सुरुवात करावी? सात सीडींचा संच झेपणार नाही.

जुनी तबकडी

दोनच तबकड्या ऐका, आणि दोन्हींवर एकच चीज आहे: ‘स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू’. पहिली १९२७ च्या डिसेंबरमधली, पाच जणांच्या हॉट फाइव्हबरोबर. दुसरी १९३८ च्या जानेवारीतली, डेकासाठी, मोठ्या वाद्यवृंदाबरोबर. पहिलीत आर्मस्ट्राँग सव्वीस वर्षांचे आहेत आणि क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन यांच्यामधून वाट काढत धावतात. दुसरीत मागे सॅक्सोफोनांची भिंत आहे आणि ते घाई करत नाहीत. शेवटच्या आवर्तनात चढत जातात, प्रत्येक वरचा स्वर पूर्ण भरल्यावरच पुढच्यावर जातात. आधी १९३८ ची ऐका, नंतर १९२७ ची, आणि मग पुन्हा १९३८ ची. काय ऐकू आले ते येथे जरूर लिहा.